रजिस्टर केलंय का तुम्ही?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, डिसेंबर महिना, रात्री साडेअकराला मैत्रिणीचा फोन. ती दुसऱ्या जिल्ह्यात नातेवाइकांकडे गेली होती आणि तिथे सहज एका एकांकिका स्पर्धेला जाऊन बसली होती. फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "तुझी ती विहिरीवरच्या म्हातारीची एकांकिका कुणाला करायला दिलीस का गं?" मी म्हटलं नाही बाई, का? तर म्हणाली, "मग मी आत्ता बघून आले ती कुणाची होती?"

नाव वेगळं होतं. गाव वेगळं, म्हातारीचं नाव वेगळं, मध्येच एक गाणं घातलेलं. पण शेवटचं दहा मिनिटांचं स्वगत, जिथे म्हातारी विहीर बुजवायला निघालेल्या मुलाशी बोलते, ते जसंच्या तसं. ही मैत्रीण आमच्या तालमींना प्रॉम्प्टिंगला बसायची, त्यामुळे तिथे खुर्चीत बसून तिला पुढचं वाक्य आधीच आठवत होतं. आणि लेखक म्हणून प्रयोगाआधी जे नाव पुकारलं ते त्या ग्रुपच्या दिग्दर्शकाचं.

त्या स्वगतातलं एक वाक्य माझ्या आईचं आहे. "पाणी आटलं म्हणून कुणी आईला बुजवत नाही." आमच्या जुन्या घराच्या परसातली विहीर बुजवायचं ठरलं तेव्हा ती मामाला हे बोलली होती, मी दहावीत असेन, आणि ते वाक्य वीसेक वर्षं डोक्यात राहिलं तेव्हा कुठे त्याची एकांकिका झाली. ते वाक्य कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाच्या नावावर बोललं गेलं, टाळ्या पडल्या म्हणे त्याला, हे ऐकून मला जे वाटलं ते पैसे बुडाल्यासारखं नव्हतं, घरात कुणीतरी शिरून आईची साडी उचलून नेली असं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी नंबर मिळवून त्या दिग्दर्शकाला फोन केला. तो घाबरला नाही, चिडलाही नाही, अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, रजिस्टर केलंय का तुम्ही? नाही ना? मग तुमची कशावरून? आणि विहीर काय तुमच्या एकटीच्याच घरी होती का?"

आणि मी गप्प बसले. खरंच गप्प बसले, कारण कॉपीराइट रजिस्टर वगैरे मी काही केलं नव्हतं आणि मला वाटलं संपलं, चूक आपलीच. हा ब्लॉग मी त्या गप्प बसण्यामुळे लिहितेय, कारण नंतर विचारत गेले तसं कळलं की लिहिणाऱ्या दहापैकी नऊ जणांचा हाच समज आहे, कवितावाले असोत, नाटकवाले असोत, रांगोळीच्या डिझाइनचे व्हिडिओ टाकणाऱ्या माझ्या जाऊबाई असोत.

आमच्या सांगलीतल्याच एका ओळखीच्या वकिलांकडे गेले. त्यांनी पहिलं वाक्य जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. "कागदावर उतरलं त्या क्षणी हक्क झाला, दिल्लीला विचारायची गरज नाही." आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, लागू झाला जानेवारी १९५८ पासून, आणि त्यात कुठेही असं नाही की रजिस्टर केलं तरच कॉपीराइट मिळेल. साहित्य, नाटक, संगीत, चित्र, सिनेमा, ध्वनिमुद्रण, यातलं काहीही तुम्ही स्वतः केलं असेल, उचललेलं नसेल, तर ते तयार झालं की तुमचं. ते गोलात सी लिहितात ना, तेसुद्धा नसलं तरी चालतं. मधल्या काळात आपल्याच मुंबई हायकोर्टात याच्यावर गोंधळ होता, २०१२ च्या एका निकालात म्हटलं होतं की दावा लावायचा तर नोंदणी हवी, पण मार्च २०२१ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेलांनी खाद्यतेलाच्या पाकिटावरच्या लेबलच्या एका भांडणात अगदी स्पष्ट लिहिलं की नोंदणी सक्तीची नाही, ट्रेडमार्कची, म्हणजे मालाच्या नावाची-चिन्हाची, गोष्ट वेगळी आणि कॉपीराइटची वेगळी. म्हणजे त्या दिग्दर्शकाचा पहिला प्रश्नच चुकीचा होता आणि मला ते माहीत नव्हतं.

त्याचा दुसरा प्रश्न मात्र बरोबर होता, हे मान्य करायला मला थोडे दिवस लागले. विहीर माझ्या एकटीची नाही. विहीर बुजवायला निघालेला मुलगा आणि अडवणारी म्हातारी, ही कल्पना कुणालाही सुचू शकते आणि कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो. याच्यावरचा सगळ्यात मोठा निकाल नाटकवाल्यांचाच आहे आणि नाटकवाल्यांनाच तो माहीत नसतो याचं मला वाईट वाटतं. आर. जी. आनंद म्हणून दिल्लीचे नाटककार होते, त्यांचं 'हम हिंदुस्तानी' नाटक १९५४ मध्ये गाजलं, विषय प्रांतवादाचा, पंजाबी घर आणि मद्रासी घर. सिनेमावाल्यांनी येऊन त्यांच्याकडून नाटक ऐकलं, पुढे काही कळवलं नाही आणि १९५६ मध्ये 'न्यू दिल्ली' नावाचा सिनेमा आला, त्यातही पंजाबी मुलगा, मद्रासी मुलगी. आनंद कोर्टात गेले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९७८ मध्ये निकाल लागला, तो आनंद यांच्या विरोधात. कोर्टाचं म्हणणं असं की कल्पना, विषय, कथानकाचा गाभा, इतिहासातल्या किंवा दंतकथेतल्या गोष्टी यावर कॉपीराइट नसतो, ती गोष्ट तुम्ही ज्या रूपात मांडली, जे प्रसंग रचले, जे शब्द लिहिले, त्यावर असतो. बघणाऱ्याला दोन्ही पाहून ही त्याचीच नक्कल आहे असं ठामपणे वाटलं पाहिजे. बावीस वर्षं लढून तो माणूस हरला, वाचताना मला फार जड गेलं ते, पण नियम म्हणून तो योग्यच आहे असं मला आज वाटतं, नाहीतर आपल्याकडे सासू-सून आणि जमिनीचं भांडण यावर पहिल्या माणसानंतर कुणी लिहूच शकलं नसतं.

माझ्या बाबतीत कल्पनेचा प्रश्नच नव्हता, दहा मिनिटांचं स्वगत शब्दाला शब्द होतं. नाव बदललं होतं त्याने, आणि नावावर तसाही हक्क नसतो. 'देसी बॉइज' सिनेमाच्या वेळी एका लेखकाने त्याच नावाचा सिनॉप्सिस, म्हणजे गोष्टीचा सारांश, आधी लेखक संघटनेकडे नोंदवला होता तरी २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नाही. त्यामुळे माझ्या शीर्षकाची कुणी दुसरी एकांकिका केली तर मी काही करू शकत नाही, आणि माझी एकांकिका कुणी दुसऱ्या शीर्षकाने केली तर मात्र करू शकते.

वकीलकाकांनी विचारलं, तुझ्याकडे काय काय आहे ते घेऊन ये. मला वाटलं होतं काहीच नाही. निघालं किती तर, पहिल्या खर्ड्याची वही, दिग्दर्शकाला पाठवलेला मेल तारखेसकट, पहिल्या प्रयोगाचं माहितीपत्रक ज्यावर लेखक म्हणून माझं नाव, स्थानिक पेपरात आलेली चार ओळींची बातमी, तालमीचे व्हिडिओ, आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. हे शेवटचं म्हणजे ज्याला आपण सगळे सेन्सॉर म्हणतो ते. इथे एक सांगायलाच हवं कारण नाटकवाल्यांमध्ये हा घोळ फार आहे. सेन्सॉरचं प्रमाणपत्र म्हणजे कॉपीराइटची नोंदणी नाही! ते मंडळ फक्त प्रयोग करायला हरकत नाही एवढं सांगतं, लेखक कोण याचा निवाडा करत नाही. पण संहिता अमुक तारखेला सरकारी टेबलावर गेली होती एवढा पुरावा त्यातून मिळतो आणि माझ्या कामी तो आला.

दुसरा घोळ रजिस्टर्ड पोस्टाचा. आमच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ काका, चाळीस वर्षं नाटक लिहितायत, त्यांच्या कपाटात स्वतःच स्वतःला पाठवलेली न उघडलेली पाकिटं आहेत, प्रत्येक नाटकाचं एक. शिक्का दिसतो, तारीख दिसते, आत संहिता. त्या माणसाने किती मायेने ती सांभाळलीयत ते मी बघितलंय म्हणून हे लिहिताना जपून लिहितेय, पण कायद्यात त्या पाकिटाला वेगळं असं काही स्थान नाही, झालाच तर इतर पुराव्यांसारखा एक पुरावा, आणि तोही कच्चा, कारण पाकीट उघडंच पाठवून नंतर आत काय भरलं हे शिक्का सांगत नाही. मी काकांना म्हटलं तुमच्या सगळ्या नाटकांचे फॉर्म मी भरून देते. अजून तीन राहिलेत.

तर मग नोंदणी करायची कशाला, हा प्रश्न येतोच. माझं उत्तर असं की फोनवर "कशावरून तुमची" असं विचारणाऱ्या माणसासमोर परत गप्प बसायला लागू नये म्हणून. कॉपीराइट ऑफिसच्या रजिस्टरमध्ये जे लिहिलंय ते कोर्ट सकृतदर्शनी पुरावा म्हणून धरतं, कलम ४८, म्हणजे उलटं सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर जाते. एवढाच त्याचा उपयोग, पण हा उपयोग लहान नाही, कारण नोटीस पाठवताना सोबत नोंदणीच्या उताऱ्याची झेरॉक्स जोडली की समोरच्याचा सूर बदलतो. तरी तो अंतिम शब्द नव्हे. ऑफिस काही तुमच्या गावात येऊन चौकशी करत नाही की हे खरंच हिनेच लिहिलं का, त्यामुळे खोटी नोंदसुद्धा होऊ शकते आणि ती कोर्टात पाडताही येते. म्हणून वह्या, खर्डे, मेल फेकून देऊ नका, नोंदणी झाली तरी.

फॉर्म भरणं अवघड नाही. कॉपीराइट ऑफिस दिल्लीत द्वारकेला आहे पण जायला लागत नाही, वेबसाइटवर खातं काढायचं, फॉर्म १४ भरायचा, सहीचा फोटो आणि कृतीची पीडीएफ चढवायची. साहित्य, नाटक, संगीत किंवा चित्र असेल तर एका कृतीमागे ५०० रुपये, ध्वनिमुद्रण असेल तर २,०००, सिनेमा असेल तर ५,०००. चित्र एखाद्या मालावर वापरायचं असेल, म्हणजे लोगो, पाकिटावरचं चित्र वगैरे, तर तेही २,०००. कविता असतील तर एकेक करून पैसे घालवू नका, संग्रह म्हणून एकच कृती दाखवता येते. मराठीत लिहिलेलं मराठीतच चढवायचं, भाषेचा वेगळा रकाना आहे. छापलेलं आहे की अप्रकाशित, छापलं असेल तर कुठल्या वर्षी, कुठल्या देशात, कुणी, हे विचारतात. प्रकाशक दुसरा असेल तर त्याचं ना हरकत पत्र लागतं, आणि अर्ज करणारा आणि लेखक वेगळे असतील तर लेखकाचंही.

पैसे भरले की डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, येतो. मग तीस दिवस थांबायचं, त्या काळात कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता येते. त्यानंतर तपासणी. माझ्या अर्जात त्रुटी निघाली ती अशी की लेखक म्हणून मी माहेरचं नाव लिहिलं होतं, मी लिहिते त्याच नावाने, आणि अर्जदार म्हणून आधारवरचं सासरचं. त्यांच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बायका झाल्या. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. लग्नानंतर जुन्याच नावाने लिहिणाऱ्या बायकांनी हे पत्र आधीच करून ठेवा, माझे दोन महिने त्यात गेले. सगळं धरून सात महिन्यांनी नोंदणीचा उतारा आला, त्यावर कृतीचं नाव, भाषा मराठी, आणि लेखकाच्या रकान्यात माझं नाव, जन्माचं. मी तो आईला वाचून दाखवला.

त्या फॉर्मला जोडून आणखी एक पत्रक असतं, त्यात विचारतात की ही कृती मूळ आहे, भाषांतर आहे की रूपांतर आहे, आणि ज्याच्यावरून केलं त्याचा कॉपीराइट अजून चालू आहे का. तो रकाना भरताना माझा हात थांबला होता. या एकांकिकेसाठी नव्हे, ती मूळच आहे. पण कॉलेजात असताना आम्ही एका कथेवरून एकांकिका केली होती, मीच रूपांतर केलं होतं, खाली बारीक अक्षरात "एका कथेवर आधारित" एवढंच लिहिलं होतं आणि लेखिकेचं नावही टाकलं नव्हतं, परवानगी तर लांबच. तेव्हा त्या लेखिका हयात होत्या, एका पत्राचं काम होतं. कथेचं नाटक करायचा हक्क कथेच्या लेखकाचा असतो, ते रूपांतर कितीही चांगलं झालं तरी. आम्हाला बक्षीस मिळालं होतं त्या वर्षी. त्या बाई आता नाहीत आणि माझ्याकडून ते राहिलं ते राहिलंच, पण आता कुणी मुलं कथेवर एकांकिका करतोय म्हणाली की मी आधी विचारते, पत्र लिहिलंत का.

याची दुसरी बाजूही आहे. मला दर वर्षी शाळांतून फोन येतात, ताई स्नेहसंमेलनाला तुमची नाटिका बसवू का. शाळा-कॉलेजच्या कार्यक्रमात शिक्षक आणि मुलांनीच केलं आणि बघायला शाळेतलेच, पालक वगैरे असले तर कायद्यानेच सूट आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलं, किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी केलं, तरी सूट आहे, कलम ५२ मध्ये. गणपतीत मंडपात फुकट झालेल्या नाटकाच्या मागे लेखकाने लागू नये असंच कायद्यालाही वाटलं आणि मलाही तसंच वाटतं, आपलं नाटक त्यावरच तर वाढलंय. पण स्पर्धा, प्रवेश फी, तिकीट, बक्षिसाची रक्कम हे आलं की परवानगी आणि मानधन आलं. आणि नाव तर सगळीकडे, फुकट असो की तिकीट लावून असो.

नावाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण माझं सगळं दुखणं तिथेच होतं. कलम ५७ म्हणून एक आहे, वकील त्याला मॉरल राइट्स म्हणतात. त्यात दोन गोष्टी, ही कृती माझी आहे असं म्हणायचा हक्क, आणि माझी बदनामी होईल अशी तिची मोडतोड थांबवायचा हक्क. हा हक्क कॉपीराइट विकला तरी लेखकाकडेच राहतो. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी' कादंबरीवर सिनेमा झाला, सिनेमाचे हक्क त्यांनी रीतसर दिलेले होते, तरी केलेले बदल त्यांना पटले नाहीत म्हणून त्या कोर्टात गेल्या आणि १९८६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने मान्य केलं की हक्क दिले म्हणून लेखिकेचा हा अधिकार जात नाही. तसंच शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं मोठं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं होतं, २००५ मध्ये कोर्टाने ते त्यांना परत द्यायला सांगितलं आणि वर पाच लाख रुपये भरपाई. सरकारने विकत घेतलेलं शिल्प, तरी. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

व्हॉट्सअॅपवर कविता फिरतात त्यांचं तर काय सांगू. लिहिणाऱ्याचं नाव गाळलं जातं, किंवा खाली पुलं नाहीतर कुसुमाग्रज लिहून पाठवतात म्हणजे लोक वाचतील. माझ्या एका कवी मित्राची कविता त्यालाच तिसऱ्या नावाने फॉरवर्ड होऊन आली आणि खाली त्याच्या काकांनी लिहिलं होतं, असं काहीतरी लिही रे. पाठवणाऱ्याला यात चोरी वाटत नाही, कौतुक वाटतं. मी फक्त एवढं करते, मूळ कवी माहीत असेल तर नाव लिहून परत त्याच ग्रुपवर टाकते, दर वेळी. इन्स्टाग्रामवर, यूट्यूबवर कुणी उचललं असेल तर तिथेच तक्रारीचा फॉर्म असतो, तो भरला तर बऱ्याचदा काम होतं, कोर्टापर्यंत जायला लागत नाही.

कॉपीराइट किती वर्षं टिकतो हेही लोक विचारतात, लेखक गेल्यानंतर साठ वर्षं, वर्ष संपेपर्यंत. आधी पन्नास होती, रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ संपता संपणार म्हणून ती वाढवून साठ केली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतं. पुलंचं लेखन २०६० संपेपर्यंत बांधलेलं आहे. बहिणाबाईंचं वेगळं आहे, त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या साहित्याची साठ वर्षं छापल्यापासून मोजतात. घरात आजीच्या वह्या पडून असतील तर हे लक्षात ठेवा.

आता ज्याच्याबद्दल मला खरं तर सगळ्यात जास्त बोलायचंय ते. चोरी क्वचित होते. आपले हक्क बऱ्याचदा जातात ते आपल्याच सहीने. २०१७ मध्ये एका ऑडिओवाल्यांनी माझ्या पाच गोष्टी घेतल्या, दीड पानाचा कागद, त्यात एक वाक्य होतं की सदर साहित्याचे सर्व हक्क आमच्याकडे राहतील. मी सही केली. पाचपैकी दोनच गोष्टी आल्या, बाकीच्या पडून, आणि मला त्या दुसऱ्या कुणाला देता येईनात कारण "सर्व हक्क" गेले होते अशी माझी समजूत. सहा-सात वर्षं मी त्या तीन गोष्टींकडे बघितलं नाही. या एकांकिकेच्या निमित्ताने वकीलकाकांना तो कागदही दाखवला तर ते चष्मा वर करून म्हणाले, "यात मुदत कुठे लिहिलीय?"

कुठेच नव्हती. आणि कलम १९ सांगतं की हक्क देण्याचा करार लेखी पाहिजे, सहीचा पाहिजे, कुठली कृती, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती हे त्यात पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, करारात त्याबद्दल वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो तिथेच संपतो. म्हणजे त्या तीन गोष्टी एका वर्षातच माझ्याकडे परत आल्या होत्या आणि उरलेल्या दोन २०२२ मध्ये. मी मात्र बाहेरच उभी होते, दार उघडं असून. तसंच जे माध्यम करार करताना अस्तित्वातच नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्याचे हक्क त्या करारात जात नाहीत, ही सुधारणा २०१२ ची. त्याच वेळी सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा सोडून देता येणार नाही असंही कायद्यात आलं, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी बोलले होते.

म्हणून कुणी कागद पुढे केला तर "सर्व हक्क" या दोन शब्दांवर पेन टेकवायचं नाही. ते खोडून लिहायचं, फक्त ऑडिओ, फक्त मराठी, तीन वर्षं. मी आता खोडते. एकदाही कुणी नाही म्हटलेलं नाही, फार तर साहेबांना विचारून सांगतो म्हणतात. नोकरीत असाल तर मात्र जरा सांभाळून, पगारावर असताना कामाचा भाग म्हणून जे लिहिलं ते वेगळं ठरलं नसेल तर मालकाचं असतं. आणि लग्नाचे फोटो, पैसे देऊन काढून घेतलेलं पोर्ट्रेट, हे वेगळं ठरलं नसेल तर पैसे देणाऱ्याचे. माझा फोटोग्राफर भाऊ हे ऐकून दोन दिवस अस्वस्थ होता, मग त्याने आपल्या पावतीच्या मागे दोन ओळी छापून घेतल्या.

त्या स्पर्धेचं पुढे काय झालं ते राहिलंच. आम्ही नोटीस पाठवली, वहीची, मेलची, माहितीपत्रकाची प्रत जोडून. उतारा तेव्हा हातात नव्हता, अर्जाचा डायरी नंबर फक्त होता. दावा लावायची वेळ आली असती तर सांगलीच्याच जिल्हा न्यायालयात लावता आला असता, लेखक जिथे राहतो तिथे लावायची सोय कायद्यात आहे, हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांना वाटत होतं मला तिकडे खेटे घालायला लागतील. गुन्हा सिद्ध झाला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड हेही नोटिशीत लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी लेखी माफी आली, त्या प्रयोगाचं मानधन आलं, आणि संयोजकांनी त्यांच्या पेजवर लेखक म्हणून माझं नाव दुरुस्त केलं. स्पर्धेच्या अर्जाला लेखकाचं परवानगीपत्र जोडायचा नियम होताच, ते कुणी तपासलं नव्हतं एवढंच. तो दिग्दर्शक मुलगा पंचविशीतला होता. शेवटी फोनवर म्हणाला की मॅडम स्वगत फार आवडलं होतं हो. मला ते खरं वाटलं. मी त्याला सांगितलं, आवडलं होतं तर फोन करायचास, दिलं असतं.

गेल्या आठवड्यात लातूरकडच्या एका कॉलेजच्या मुलीचा मेसेज आला. अगदी रीतसर, कुठली स्पर्धा, किती प्रयोग, प्रवेश फी किती, मानधन किती जमेल. खाली विचारलं होतं, ताई स्वगत जरा मोठं होतंय आम्हाला, पस्तीस मिनिटांत बसवायचंय, चार-पाच वाक्यं कमी केली तर चालतील का, कुठली ते तुम्हीच सांगा. मी परवानगीपत्र टाइप केलं, एकांकिकेचं नाव, एक स्पर्धा, तीन प्रयोग, मार्चपर्यंत, लेखकाचं नाव जाहिरातीत आणि प्रयोगाआधी. स्वगतातली सहा वाक्यं मी स्वतःच कापून दिली तिला, आईचं सोडून.